गडावर मॅगी नको, ताजं रांधायचंय: कोजागरीच्या ट्रेकचा स्वयंपाक

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ मित्रमैत्रिणी, त्यातले दोघे ट्रेकला पहिल्यांदाच येणार. कोजागरीच्या जवळचा शनिवार-रविवार, एक मुक्काम, दोन गाड्या. रतनगड की हरिश्चंद्रगड, हे ठरत नाही. दर वेळी मॅगी खाऊन कंटाळा आलाय, म्हणून यंदा मोसमातल्या भाज्या घेऊन वर चुलीवर स्वयंपाक करायचा बेत आहे. एकीला कांदा-लसूण चालत नाही. काय न्यावं, काय रांधावं?

मी बरीच वर्षं छोटे गट घेऊन सह्याद्रीत जाते आणि बहुतेक वेळा पातेलं माझ्याच ताब्यात असतं, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही पदार्थ विचारलेत, पण अडचण पदार्थांची नाहीये. गडावर मॅगी जिंकते ती चवीमुळे नाही, संध्याकाळी सात वाजल्यामुळे. सगळे कड्यावर सूर्यास्त बघायला जातात, अंधारात परत येतात, पोटात कावळे ओरडत असतात आणि तेव्हा कुठे लसूण सोलायला सुरुवात होते. तीन बॅटऱ्या, एक बोथट सुरी आणि सात सल्लागार. अशा वेळी कोणीतरी पिशवीतून पिवळी पाकिटं काढतं आणि कोणी हरकत घेत नाही. म्हणून पाककृतीआधी तुमचं घड्याळ लावून घेऊ.

गडाचं आधी सांगते. स्वयंपाक करायचाच असेल तर हरिश्चंद्रगड, तोही पायथ्याच्या पाचनई गावाकडून. रतनगड सुंदर आहे, पण वर जाताना लोखंडी शिड्या लागतात. पाठीवर पातेलं आणि भोपळा घेऊन नवख्या माणसाने शिडी चढणं मला पटत नाही. वर मुक्कामाला गुहा आहे, पण आठ जणांचा पसारा आणि शेजारी दुसरा गट म्हटलं की दाटीवाटी होते. पाचनईची वाट त्या मानाने सरळ आहे. मोठ्या कातळभिंतीच्या पोटाखालून आडवं जायचं, मग ओढ्याच्या कडेने वर. रमतगमत गेलात तरी अडीच-तीन तासांत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराशी पोहोचता. खिरेश्वरहून तोलारखिंडीची वाटही चांगली आहे, पण ती लांब आहे आणि तिच्यावर कातळटप्पा आहे. पहिल्यांदा येणाऱ्या दोघांना ती पुढच्या वेळी दाखवा. नळीची वाट फार अवघड, ती तर विषयातच आणू नका.

कोजागरी कधी येते यावरही बरंच अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आली तर हस्ताचा पाऊस अजून रेंगाळत असतो. सकाळ लख्ख, आणि दुपारी तीनच्या पुढे ढग चढून कडकडाट. तसं झालं तर गडावरच्या तारामती शिखराचा माथा आणि उघडे कडे दुपारनंतर सोडून द्या, वीज थट्टा करत नाही. महिन्याच्या शेवटी आली तर पाऊस बहुधा सरलेला असतो, पण ऑक्टोबरचं ऊन असतं. पावसाळ्यात ज्यांनी एक लिटर पाण्यात ट्रेक केलेत त्यांना हे ऊन फसवतं. माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवं, निदान चढताना तरी. गवत कमरेएवढं वाढून वाळायला लागलेलं असतं. फुलपँट आणि घोट्यावरचे बूट घाला, आणि गवतात शिरण्याआधी काठीने चाहूल द्या. घोणस आणि फुरसं दोन्ही या डोंगरांत आहेत. गवतात बसायचं असेल तर खाली काहीतरी अंथरून बसा. पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे येणारा स्क्रब टायफस नावाचा ताप याच दिवसांत दिसतो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गवतात बसलो होतो’ हे आवर्जून सांगा.

आता चूल. वर चूल पेटवू नका. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वाळलेलं गवत, संध्याकाळचा वारा आणि एक ठिणगी, एवढ्यावर वणव्याचं काम भागतं. शिवाय धुराचा दुसरा त्रास म्हणजे आग्या मोहोळ. पावसाळा संपला की कड्याकपारींत पोळी लागायला सुरुवात होते आणि धुराने त्या माश्या उठतात. अत्तर-डिओचाही त्यांना राग आहे, फटाक्यांचा तर विचारूच नका. समजा उठल्याच, तर हात झाडत बसायचं नाही. तोंड-डोकं कपड्यात गुंडाळायचं आणि तिथून जितकं लांब पळता येईल तितकं पळायचं.

पण चुलीची हौस मला कळते आणि ती भागवायची जागा आहे. ती आहे पाचनईतल्या एखाद्या घरात, रविवारी दुपारी उतरल्यावर. गावात अनेक घरांत ट्रेकर मंडळींना जेवण देतात. आदल्या आठवड्यात फोन करून एका घराशी बोलून ठेवा: शनिवारी सकाळी चहा-नाश्ता, बरोबर न्यायला भाकऱ्या, रविवारी दुपारचं जेवण. मग मावशींना म्हणा, आम्हालाही चुलीपाशी बसू द्या. निखाऱ्यात रताळी खुपसा, वांगं भाजा, भाकरी थापायचा प्रयत्न करा. हसू होईल, होऊ द्या. पैशांची घासाघीस करू नका. शहरात एका कॉफीला जेवढे देता, तेवढ्यात इथे एक माणूस पोटभर जेवतो. त्याच फोनवर गडावर मुक्काम चालू आहे का, हेही विचारून घ्या, कारण त्याबाबतचे नियम बदलत राहतात.

वरच्या स्वयंपाकाला गॅसचा छोटा स्टोव्ह घ्या. वारा नसेल तर एक लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण १५ ग्रॅम गॅस जातो आणि वाऱ्यात सहज दुप्पट. २३० ग्रॅमची दोन नळकांडी तुम्हा आठ जणांना पुरून उरतील. तिसरं नेलंत तर सुखाने झोपाल. स्टोव्ह कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्यावर, मांडू नका. फोटो छान येतो, पण कड्यावरून वर चढणारा वारा ज्योत पळवतो आणि अर्धा तास गेला तरी पाणी कोमटच राहतं. मंदिराच्या परिसरात आडोसा बघा. देवळात किंवा कोरीव गुहेत मात्र नको, काजळी दगडात बसते आणि निघत नाही. आडोशाला पत्रा लावणार असाल तर ज्योतीला लावा, नळकांड्याला गुंडाळू नका, ते तापून फुटू शकतं. तंबूच्या आत स्टोव्ह कधीच नाही, बाहेर पाऊस असला तरी नाही. गाड्यांनी येताय म्हणून बरं. ऐन वेळी बेत बदलून कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वेने यायचं ठरलं, तर गॅस बरोबर आणता येत नाही हे लक्षात असू द्या.

वर काय शिजत नाही, तेही ऐका. मंदिराच्या उंचीवर पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण तूरडाळ त्या चार-पाच अंशांसाठी हटून बसते. कुकर नेणार नसाल तर तूर, वाटाणे, राजमा, वाळलेला पावटा यांची नावं घेऊ नका. मूग आणि मसूर चालतात. माझ्या मते पहिल्या वेळी डाळच नको. शेंगांचा मोसम आहे, त्याचं करा.

आता बाजार. घरून काय न्यायचं आणि तिथे काय घ्यायचं, ही वाटणी नीट केलीत की निम्मं काम झालं. घरून मसाले, तेल, दाण्याचं कूट, पोहे, दुधाची पावडर. भाज्या, तांदूळ आणि शेंगा तिकडून. पुण्याहून येणारे कोतूळवरून येतील, मुंबईहून घोटी-राजूरवरून. आठवडी बाजाराचा वार जुळला तर उत्तमच, नाहीतर वाटेवरच्या गावांत आणि पाचनईत घरोघरी विचारा. ‘दादा, घेवडा निघालाय का?’ एवढं विचारलंत की पुरे, परसातून काढून देतात.

अकोले तालुका यासाठी नशीबवान आहे. घेवडा आणि वाल यांच्या किती तऱ्हा इथल्या परसांत अजून टिकून आहेत, ते बघायला मिळतं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं सांभाळण्याचं जे काम केलं, त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या बियाण्यांतही वाल-घेवड्याला मोठा मान आहे. एका घरचा घेवडा रुंद, चपटा, हिरवा. शेजारच्या घरचा अरुंद आणि कडेला जांभळी झाक असलेला. शेंग वाकवून बघा. टचकन मोडली आणि शीर सुटून आली तर घ्या. वाकून पिळवटली तर ती निबर झालीय, वर गॅस खाईल आणि तरी चावत बसाल.

घेवड्याच्या जोडीला डांगर, म्हणजे लाल भोपळा. जड आहे हे कबूल, पण पाठीवर दबत नाही, उन्हाने मान टाकत नाही आणि वीस मिनिटांत शिजतो. अख्खा नेऊ नका. खालीच कापून, बिया काढून, सालासकट मोठ्या फोडी करून सुती फडक्यात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून दुपारपर्यंत बुळबुळीत होतो. रताळी या दिवसांत चांगली येतात. गावठी मोठी काकडी असतेच. भुईमूग नुकता निघालेला असतो, ओल्या शेंगा मिळाल्या तर दीड-दोन किलो घ्या आणि मावशींकडून मीठ घालून उकडून घ्या. चढताना खिशातून काढून खायला याच्याइतकं चांगलं काही नाही. पण उकडलेल्या शेंगा त्याच दिवशी संपवा, उन्हात दुसऱ्या दिवशी आंबूस होतात. सीताफळं बघून मोह होईल. ती गाडीपाशी उभं राहून खा, पाठीवर नेऊ नका. टोमॅटो आणि पालेभाज्याही नकोत. पाल्यात एक कोथिंबिरीची जुडी चालेल, ओल्या कागदात गुंडाळून. पनीर आणि कच्चं चिकन या उन्हात अजिबात नाही. वाटेत दिसलेला रानातला पाला किंवा अळंबी तोडून पातेल्यात टाकायचा प्रयोग कोणी करू पाहील, त्याला तिथेच थांबवा.

तांदळाचं एक सांगायचं राहिलं. या भागात हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात ऑक्टोबरात कापणीला येतो, उशिरा पिकणारा गरवा नंतर. कोणाकडे नुकता सडलेला नवा तांदूळ मिळाला, काळभात मिळाला तर फारच छान, झाकण उघडलं की आजूबाजूचे तंबू विचारायला येतील. फक्त नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो. जुन्याला दुप्पट-अडीचपट पाणी घालायची सवय असेल तर याला दीडपटीच्या थोडं वर पुरतं. सवयीने ओतलंत तर खळ होईल. मला स्वतःला नव्या तांदळाचा मोकळा भात करण्यात अर्थ वाटत नाही. तिप्पट पाणी घालून सरळ मऊ भात करावा, वर तूप आणि मेतकूट. दमलेल्या माणसाला तो मानवतो.

आता शनिवारचं घड्याळ. शुक्रवारी रात्री निघून पाचनईत मुक्काम केलात तर उत्तम. नाहीतर शनिवारी सकाळी सातपर्यंत पोहोचा. बाजार, चहा, भाकऱ्या बांधून घेणं, आणि आठ-साडेआठला चढायला सुरुवात. अकरा-साडेअकराला वर. बरोबर आणलेल्या भाकऱ्यांतल्या निम्म्या, बिनलसणाचा ठेचा आणि कांद्याऐवजी काकडी, असं दुपारचं जेवण. मग ऊन उतरेपर्यंत सावलीत पडून राहा, केदारेश्वराची गुहा बघा, पुष्करणीपाशी बसा. साडेतीन वाजले की सुरी काढा, कोणी कितीही आळस दिला तरी. घेवड्याच्या शिरा काढून मोडणं, डांगराच्या बारीक फोडी, मिरच्या, लसूण सोलून ठेचणं, कोथिंबीर निवडून चिरणं, सगळं उजेडात आणि डब्यांत भरून, झाकून. आठ जण बसलात तर अर्ध्या तासाचं काम आहे आणि गप्पांची खरी मजा याच अर्ध्या तासात असते. माकडं असतात, त्यामुळे डबे उघडे टाकून कड्यावर जाऊ नका. एकाने मागे थांबावं किंवा डबे पाठीवर घ्यावेत.

ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. कोकणकड्यावरून मंदिराकडे अंधारात परत यायला अर्धा-पाऊण तास धरा, आणि प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी हवी, मोबाइल नव्हे. पौर्णिमा असली तरी झाडीत चांदण्याचा उपयोग नाही. सातला परतलात, चिरलेलं तयार आहे, तर सव्वाआठ-साडेआठला ताटं वाढलेली असतील.

पातेलं सहा लिटरचं, जाड बुडाचं घ्या. आठ जणांसाठी पाऊण किलो घेवडा आणि एक किलो डांगर. तेल चांगलं पाव वाटी. मोहरी, जिरं, हिंग, हळद, उभ्या चिरलेल्या सात-आठ हिरव्या मिरच्या. त्यावर आधी घेवडा. तो एकटाच चार-पाच मिनिटं तेलात परता, रंग गडद हिरवा होऊन शेंगांवर बारीक फोड यायला लागतील. मग मीठ घालून भाजी बुडेल एवढं पाणी आणि झाकण. दहा मिनिटांनी शेंग नखाने दाबून बघा. नख अर्धं रुतलं की डांगर टाका. आधी टाकलंत तर घेवडा शिजेपर्यंत डांगराचा लगदा होतो. डांगराच्या कडा विरघळायला लागल्या की रस्सा आपोआप दाट होतो. तेव्हा दोनशे ग्रॅम दाण्याचं कूट, कांदा-लसूण नसलेला काळा किंवा गोडा मसाला दीड-दोन चमचे, चिमूटभर गूळ. दोन उकळ्या आल्या की उतरवा. कूट घातल्यावर सोडून जाऊ नका, ते तळाला बसून करपतं आणि गडावर पातेलं घासणं ही शिक्षा आहे.

बघा, यात कांदा-लसूण कुठेच आलं नाही. तुमच्या मैत्रिणीची वाटी इथे भरून बाजूला काढा. लसूण कुटल्यावर जी भांडी-चमचे वापरलेत ते तिच्या वाटीला लावू नका, इतकं सांभाळा. मग छोट्या कढल्यात तेल तापवून ठेचलेला लसूण तांबूस करा, लाल तिखट टाका आणि ती चरचरीत फोडणी बाकीच्या रश्श्यावर ओता. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक झाला नाही आणि बाकीच्यांनाही काही कमी पडलं नाही. चहाच्या वेळीच एकदा तिला विचारून घ्या की कंदमुळं चालतात का. काहींना बटाटा-रताळंही चालत नाही, मग तिच्यासाठी रताळ्याचा बेत बदलावा लागेल.

रश्श्याबरोबर सकाळच्या भाकऱ्या. माणशी चारच्या हिशेबाने सकाळी बांधून घ्या, दोन दुपारी, दोन रात्री. नागलीच्या मिळाल्या तर त्याच घ्या, रश्श्यात कुस्करायला बऱ्या. सुती फडक्यात गुंडाळलेल्या असल्या की रात्रीपर्यंत मऊ राहतात. मऊ भाताला अर्धा किलो तांदूळ पुरे, तो रस्सा उतरवल्यावर लावा. एकच स्टोव्ह असेल तर हाच क्रम ठेवा, रस्सा जाड बुडात गरम राहतो, भात निवला की गळा धरतो. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा विचार मात्र सोडून द्या. रात्रभर उघड्या हवेत राहिलेला भात या दिवसांत बिघडतो आणि गडावर आठ जणांची पोटं बिघडणं म्हणजे काय, याची कल्पना तुम्हीच करा. म्हणून कमीच शिजवा. भूक उरली तर उकडलेल्या शेंगा आहेत.

सकाळच्या नाश्त्याला स्टोव्ह लावूच नका. दडपे पोहे करा. घरून येतानाच एका छोट्या बाटलीत फोडणी करून आणा: तेल, मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत. दोन दिवस आरामात टिकते. अर्धा किलो पातळ पोहे, दोन मोठ्या गावठी काकड्या खिसून त्यांच्या पाण्यासकट, तीन लिंबं, मीठ, साखर, कोथिंबीर, दीडशे ग्रॅम भाजलेले दाणे. हाताने कालवा, वर जड झाकण दडपून पंधरा मिनिटं ठेवा. काकडीच्या पाण्यातच पोहे भिजतात, वेगळं पाणी लागत नाही. काकडी जून असेल तर बिया काढा आणि टोकाचा तुकडा आधी चाखा, एक कडू निघाली तर सगळे पोहे फुकट जातात. फोडणी शेवटी वरून. पुरुषमंडळींपैकी ज्यांना ‘मला स्वयंपाक येत नाही’ म्हणायची सवय आहे, त्यांना हे काम द्या. यात बिघडण्यासारखं काही नाही.

मित्रांबद्दल दोन शब्द, कारण बेत मोडतात ते बहुतेक इथेच. वाट दाखवणारा आणि स्वयंपाक बघणारा माणूस वेगवेगळा ठेवा. एकच असला तर तो दिवसभर धावतो आणि संध्याकाळी सगळ्यांवर खेकसतो. शेवटच्या माणसाच्या मागे चालणारा एक अनुभवी हवा, आणि पहिल्यांदा येणारे दोघे त्याच्या पुढे. ओझं वाटताना सगळ्यांना सारखं देऊ नका. जो हळू चालतो त्याच्याकडे पोहे आणि कोथिंबीर, जो पुढे पळतो त्याच्याकडे डांगर. पुढे पळणाऱ्याकडे भाजी गेली की तो आपोआप थांबतो, हा जादाचा फायदा. तुमच्या गटात कोण कसं चालतं हे मला इथून दिसत नाही, तेव्हा हे वाटप तुमचं तुम्हीच करा.

पाण्याचं: पावसाळ्यानंतर गडावरची कातळात खोदलेली पाण्याची टाकी भरलेली असतात, पिण्याचं टाकं कोणतं ते वरच्या टपरीवाल्यांना विचारा आणि उकळून किंवा गाळून-शुद्ध करून प्या. स्वयंपाकाला आणि धुण्याला मिळून सात-आठ लिटर लागेल. भांडी टाक्यावर किंवा पुष्करणीवर नेऊन घासू नका. आधी भाकरीच्या तुकड्याने पातेलं पुसून तो तुकडा खाऊन टाका, मग थोडं गरम पाणी घालून लांब, पाण्यापासून दूर नेऊन धुवा, साबण नको. घेवड्याच्या शिरा, लिंबाच्या साली, गॅसची रिकामी नळकांडी सगळं एका पिशवीत खाली आणायचं. ‘हे तर कुजतंच’ म्हणून साली टाकल्या की माकडांना माणसांच्या मागे लागायची सवय होते.

राहिलं कोजागरीचं दूध. ताजं दूध वर नेऊ नका, रात्रीपर्यंत फाटतं. दुधाची पावडर न्या. आठ छोटे पेले म्हणजे सव्वा लिटर पाण्याला दोनशे ग्रॅम पावडर घातली की आटवल्यासारखं दाट होतं. पावडर उकळत्या पाण्यात ओतू नका, गुठळ्या होतात. आधी कोमट पाण्यात फेटून मग उरलेलं पाणी आणि शंभर ग्रॅम साखर घाला. वेलदोडा, जायफळ, केशर, बदाम-पिस्त्याची भरड घरूनच पुडीत बांधून आणा. तळाला लागतं, म्हणून ढवळणारा माणूस जागचा हलणार नाही असाच निवडा. गॅसचा हिशेब करताना हा शेवटचा अर्धा तास धरायला विसरू नका. आणि दूध पुरेल तेवढंच करा, कारण शेजारचे तंबू मागायला येतात आणि मग नाही म्हणवत नाही. पावडरीचं एक पाकीट जास्तीचं नेलंत तर तोही प्रश्न मिटला.